धंदा शेती, राहणार लवळे

खरेदीखताची सुरुवात ठरलेली असते. आधी 'लिहून घेणार', मग 'लिहून देणार'. नाव, वय, धंदा, राहणार. मुळशी तालुक्यात गेल्या पंचवीस-तीस वर्षांत जी खरेदीखतं झाली, त्यातलं कुठलंही उघडून बघा. लिहून देणाऱ्याच्या नावापुढं बहुतेक वेळा 'धंदा शेती, राहणार लवळे' किंवा नांदे, चांदे, सूस, पिरंगुट असं काहीतरी सापडेल. लिहून घेणाऱ्यापुढं 'व्यापार', नाहीतर 'नोकरी'. म्हणजे हा माणूस धंदा करतो हे मुद्रांकावर, दोन साक्षीदारांच्या सह्यांनी आणि दुय्यम निबंधकाच्या शिक्क्यानं मान्य झालेलं असतं. पुढच्या दोन पानांत तो धंदा संपतो, ते सोडा.

हे आठवायचं कारण म्हणजे एक वाक्य. जमीन विकलेल्या मुळशीकराचा विषय निघाला की ते हमखास येतं. "पैसा आला हो, पण धंद्याची दृष्टी नव्हती." कोथरूडच्या दिवाणखान्यात येतं, गुंतवणुकीवरच्या व्याख्यानात येतं. २०१८ साली प्रवीण तरडे यांचा 'मुळशी पॅटर्न' आला, त्यानंतर तर हे म्हणायला पुरावाही लागेनासा झाला; सिनेमा पाहिला की झालं. परवा एका लग्नात माझ्या शेजारच्या पानावर बसलेल्या गृहस्थांनी मोबाइल काढून मला हिशेबच दाखवला. २००६च्या फेब्रुवारीत सेन्सेक्स दहा हजार. २०२४च्या जुलैत ऐंशी हजार. आठ पट. "एक कोटीचे आठ कोटी झाले असते. काहीही न करता! आणि ह्यांनी काय केलं? स्कॉर्पिओ घेतल्या."

तेवढ्यात जिलबी आली आणि माझं उत्तर राहून गेलं. ते आता देतो.

आकडे खरे आहेत. प्रश्न आहे तो 'काहीही न करता' या तीन शब्दांचा.

आधी तो एक कोटी नीट मोजू. उदाहरणापुरतं धरून चला की तीन एकर जमीन एकरी चाळीस लाखांनी गेली. एक कोटी वीस लाख. व्हॉट्सअ‍ॅपवरचा हिशेब इथंच थांबतो, कारण त्याला सातबारा वाचता येत नाही. सातबारावर पाच नावं असतात: दोन भाऊ, दोन बहिणी, आई. मुलींना वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतकाच वाटा महाराष्ट्रानं १९९४ साली दिला, देशानं २००५ साली, आणि उशिरा का होईना, योग्यच केलं. पण मग भागाकारही करायला हवा. वाट्याला आले चोवीस लाख. त्यातून सोसायटीचं कर्ज फेडलं, तीस वर्षं पत्र्याखाली काढलेल्या घरावर स्लॅब टाकला, एका मुलीचं लग्न केलं. उरले बारा लाख. तेही नशीब बरं असेल आणि एजंटानं विसार देऊन व्यवहार दोन वर्षं लोंबकळत ठेवला नसेल तर.

आता या बारा लाखांना दोन कामं आहेत. एक म्हणजे वाढायचं. दुसरं, पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून घर चालवायचं. भात घरचा होता, तो आता दुकानातून येतो. गवत बांधावरचं होतं. ते गेलं म्हणून म्हैस गेली, म्हैस गेली म्हणून दूध विकत आलं. महिन्याला बारा हजार काढले, आणि ही काही चैन नव्हे, तर वर्षाला एक लाख चव्वेचाळीस हजार होतात. बारा लाखांचे बारा टक्के. आणि दहा हजारांचे ऐंशी हजार व्हायला साडेअठरा वर्षं लागली, म्हणजे वर्षाला किती टक्के? बाराच. लाभांश धरला तर थोडं इकडंतिकडं. म्हणजे गृहस्थांनी सांगितलेली गुंतवणूक त्यांनी सांगितली तशीच, एकही चूक न करता केली असती, तरी बाजारानं दिलेलं सगळं पोटात गेलं असतं. अठरा वर्षांनी हातात तेच बारा लाख. आठ पट सोडा, दीड पटही नाही. त्या अठरा वर्षांत तूरडाळ कुठं गेली ते घरच्या बाईला विचारा.

हेही झालं बाजार सरळ रेषेत चढला असता तर. तो तसा चढत नाही. मुळशीत जमिनीचे भाव भडकले त्याच सुमारास, २००८च्या जानेवारीत, सेन्सेक्स एकवीस हजारांवर होता. ऑक्टोबरात तो आठ हजारांच्या खाली जाऊन आला. जानेवारीत बारा लाख घालून दर महिन्याला बारा हजार काढणाऱ्याचे तोवर चारेक लाख उरले असते. २०१०च्या अखेरीस बाजार परत एकवीस हजारांवर आला, पण हा माणूस परत आला नसता. प्रत्येक महिन्याला त्यानं पडत्या भावात विकलेलं असणार. तसंच काढत गेला असता तर २०१४च्या आसपास, बाजार नव्या उंचीला निघाला तेव्हा, याचं खातं रिकामं. शेजारच्या पानावरच्या गृहस्थांचं मात्र रिकामं झालं नाही. त्यांच्या घराचा खर्च पगारातून निघत होता, आता पेन्शनीतून निघतो, म्हणून त्यांचं भांडवल अठरा वर्षं निवांत झोपून राहू शकलं. याला ते दृष्टी म्हणतात. मी पगार म्हणतो.

कुठल्याही किराणा दुकानदाराला विचारा, गल्ल्यातला पैसा आणि घरखर्चाचा पैसा तो वेगळा ठेवतो. धंद्याचा हा पहिला धडा. जमीन विकल्यावर शेतकऱ्याच्या हातात एकच पैसा उरतो आणि तोच भांडवल असतो, तोच पगार, तोच दवाखाना आणि तोच म्हातारपण. त्याला कुठल्याही फंडात घाला, तो चार कामं एकदम करू शकत नाही.

आता 'धंद्याची दृष्टी' हे शब्द आले कुठून ते पाहू. गुंतवणूक धंद्यासारखी करावी, शेअर म्हणजे चिठ्ठी न समजता एका चालत्या धंद्यातला वाटा समजावा, हा विचार बेंजामिन ग्रॅहम यांचा. त्यांचं प्रसिद्ध पुस्तक १९४९चं. लवळ्याच्या डोंगरावर सिंबायोसिसची व्यवस्थापनाची संस्था आहे, फ्लेम विद्यापीठ आहे आणि तिथं गुंतवणूक शिकवायला वेगळी इन्व्हेस्टमेंट लॅबही आहे. तेव्हा ग्रॅहम लवळ्याला परके नाहीत; गावात नाही, तर गावाच्या डोक्यावर आहेत. त्यांच्या सांगण्याचा गाभा माझ्या भाषेत असा: जो धंदा कळतो त्यात राहा. आपला पैसा दुसऱ्याच्या हाती द्यायचा तर त्याच्यावर नजर ठेवता आली पाहिजे. हिशेब बसल्याशिवाय उडी घेऊ नका. आणि हिशेब बसला असेल तर चार लोक काय म्हणतात ते ऐकू नका.

या चारही कसोट्यांवर लवळ्याचा भातवाला घासून बघा. कुठल्या खाचरात पाणी टिकतं आणि कुठल्या खाचरातून रात्रीत पाझरून जातं हे त्याला माहीत. आंबेमोहोराला वास आहे पण उतारा कमी, इंद्रायणी त्यापेक्षा परवडते, हा हिशेब त्याचा तोंडपाठ. गड्यावर नजर ठेवायला तो स्वतः बांधावर. राब भाजण्यापासून झोडणीपर्यंत कुठल्या आठवड्यात किती रोख लागेल हे त्याला विचारून बघा, वहीशिवाय सांगेल. धंद्याची दृष्टी म्हणतात ती हीच. ती असलेल्या माणसाला आपण जे कळतं त्यातून उठवलं, जे कळत नाही त्यात बसवलं, आणि वर म्हणालो की याला दृष्टी नाही. ग्रॅहम यांचा पहिलाच नियम त्याच्याकडून मोडून घेतला आणि मोडल्याचा दंडही त्यालाच केला. (स्वतः ग्रॅहम १९२९च्या पडझडीत चांगलेच होरपळले होते. पण १९२८पासून ते कोलंबिया विद्यापीठात शिकवत होते. पगाराचा मुद्दा मी उगाच काढलेला नाही.)

ज्यांनी ही जमीन घेतली त्यांची दृष्टीही तपासायला हवी की नको? पुण्या-मुंबईच्या शेकडो नोकरदारांनी मुळशीत प्लॉट घेतले. त्यातला धंदा कोणता? पाच-दहा गुंठ्यांचा तुकडा, तारेचं कुंपण, एक लोखंडी फाटक, आत कमरेएवढं गवत. त्यातून ना भात, ना भाडं. शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते, म्हणून कुठून तरी शेतकरी दाखला. तुकड्याची नोंद होत नव्हती, म्हणून सामाईक सातबारा, आणि त्यावर जन्मात एकमेकांचं तोंड न पाहिलेले वीस हिस्सेदार. उत्पन्न शून्य, भरवसा एवढाच की उद्या आपल्यापेक्षा उतावळा कोणी येईल. याला ग्रॅहम गुंतवणूक म्हणाले नसते. पण हे करणारा 'इन्व्हेस्टर' आणि ज्यानं त्या तुकड्यात दरसाल पोती काढली तो अडाणी.

आता स्कॉर्पिओ. पैसा उडाला हे मी नाकारत नाही. डीजेच्या भिंती, बोटभर जाडीच्या साखळ्या, सरपंचकीच्या निवडणुकीत ओतलेले लाख, सगळं डोळ्यांनी पाहिलंय. मोठी रक्कम एकदम हातात आली की माणूस वाहवतो. सेवानिवृत्तीच्या पैशांतून युरोप करून आलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. पण पांढऱ्या गाडीचं थोडं ऐका. जमीन गेल्यावर गावातल्या पोरांना जो एक धंदा जवळ दिसला तो जमिनीच्याच व्यवहारांचा. गट नंबर त्यांना पाठ, कुणाची भावकी भांडतेय आणि कुणाला पैशाची नड आहे हे त्यांना ठाऊक. पण पुण्याहून आलेली पार्टी मोटरसायकलवरच्या पोराशी व्यवहाराचं बोलत नाही. गाडी लागते, पांढरी लागते, इस्त्रीचा शर्ट लागतो. त्या गाडीला ऑफिसभाडं म्हणा, म्हणजे डोळ्यांत खुपणार नाही. बाकीच्यांनी जेसीबी घेतले, पाण्याचे टँकर घेतले, डंपर घेतले, चार खोल्या काढून पिरंगुटच्या कारखान्यांतल्या कामगारांना भाड्यानं दिल्या. पण टँकरवाल्यावर सिनेमा निघत नाही.

आणि अनेकांनी काय केलं, तर परत जमीनच घेतली. भोरला, वेल्ह्याला, फलटणकडं, करमाळ्याकडं. एका गुंठ्याच्या पैशात तिकडं एकर. यात हौस होती, पण कायदाही होता. शहरालगतच्या शेतजमिनीच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर बसतो आणि तो टाळायचा तर त्या वेळच्या आयकर कायद्याच्या कलम ५४ब प्रमाणं दोन वर्षांत दुसरी शेतजमीन घ्यायची. म्हणजे कर वाचवून, मोठं क्षेत्र घेऊन, स्वतःला कळतो त्याच धंद्यात टिकून राहिला तो. हेच एखाद्या कंपनीनं केलं असतं तर संचालक मंडळाच्या अहवालात दोन परिच्छेद कौतुक आलं असतं.

बँकेत का नाही ठेवले, असंही विचारतात. ठेवले होते की. शहाण्यासुरत्या पुणेकरांनीही ठेवले होते, १९१२पासून चालत आलेल्या रुपी बँकेत. २०१३च्या फेब्रुवारीत रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले आणि नऊ वर्षांनी, २०२२ साली, परवाना गेला. ठेवीदारांत लवळ्याचे कमी आणि पेठांमधले जास्त असतील, असा माझा आपला अंदाज. त्यांना कुणी विचारलं नाही की तुमची दृष्टी कुठं गेली होती.

पण खरं उत्तर मुळशी तालुक्यातच उभं आहे, आणि अर्धवट उभं आहे. लवळ्याहून घाट ओलांडून मोसे खोऱ्यात गेलं की लवासा हे डोंगरातलं नवं शहर लागतं. तिथं तर धंद्याच्या दृष्टीची काही कमी नव्हती? हिंदुस्थान कन्स्ट्रक्शनसारखी कंपनी, परदेशी रचनाकार, बँकांचे मोठमोठे अधिकारी, सल्लागार, तक्ते. २०१० साली सुमारे दोन हजार कोटींचा शेअर विक्रीचा प्रस्ताव दाखल झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरात पर्यावरण मंत्रालयानं काम थांबवायला लावलं. २०१८च्या ऑगस्टमध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. सहा हजार कोटींहून अधिकचे दावे, आणि २०२३ साली मंजूर झालेली योजना होती १,८१४ कोटींची, तीही आठ वर्षांत फेडायची. मधला जो फरक आहे त्याला बँकेच्या भाषेत 'हेअरकट' म्हणतात. शब्द बघा किती हलका आहे. केस कापले, परत येतील. शेतकऱ्याचे दहा लाख गेले तर ती उधळपट्टी, त्यावर व्याख्यान. कंपनीचे हजारो कोटी गेले तर तो हेअरकट, त्यावर समिती. लवासातल्या दासव्याच्या त्या रिकाम्या इमारतींसमोर उभं राहून कुणी 'ह्यांना धंदाच कळत नाही' म्हणाल्याचं मी अजून ऐकलेलं नाही.

समोरच्या बाजूचा एक मुद्दा मात्र मला मानायला हवा, आणि तो चांगला मुद्दा आहे. मगरपट्टा. हडपसरच्या शेतकऱ्यांना जमलं, मुळशीकरांना का नाही? सतीश मगर यांच्या पुढाकारानं सव्वाशेच्या आसपास शेतकरी कुटुंबांनी चारशेहून अधिक एकर जमीन बिल्डरला विकायची नाही असं ठरवलं. स्वतःची कंपनी काढली, ज्याची जितकी जमीन तितका त्याचा कंपनीत वाटा, आणि २०००च्या सुमारास बांधकामाला सुरुवात झाली. पैसे एकदम अंगावर कोसळले नाहीत. फ्लॅट विकले जातील तसे येत राहिले, शिवाय आयटीच्या इमारतींचं भाडं. पोरांना त्याच कामात ठेकेदाऱ्या मिळाल्या. ऊस लावणारी माणसं होती ती. व्यवस्थापनाची पदवी घेऊन जन्माला आली नव्हती.

मगरपट्ट्याचं उदाहरण मुळशीकराच्या तोंडावर मारणाऱ्यांनी ते पुरतं वाचलेलं नाही. त्यातून उलटंच निघतं. शेतकऱ्याला धंदा कळतो हे तर तिथं सिद्धच झालं. मग फरक कशात? समोर ठेवलेल्या कागदात. हडपसरच्या शेतकऱ्यापुढं शेअर आला, मुळशीकरापुढं खरेदीखत, नाहीतर कुलमुखत्यारपत्र. एकात तो मालकच राहिला आणि उत्पन्न महिन्या-वर्षानं येत गेलं. म्हणजे मघाचा पगाराचा प्रश्नच सुटला. दुसऱ्यात सगळं एका दिवसात, एका टेबलावर संपलं. हडपसरला बहुतेक जमीन एका भावकीची, एका पट्ट्यात, महापालिकेच्या हद्दीत. एकाच घरानं पिढ्यानपिढ्या धरलेला विश्वास होता. मुळशीत डोंगरउतारावरचे विखुरलेले तुकडे, प्रत्येकाशी एजंट वेगळा बोलणार, आणि कोपऱ्यातला एक गट आधी गुपचूप घेणार, म्हणजे बाकीच्यांचा रस्ता अडला. वाट अडली की किंमत पाडायला फार बोलावं लागत नाही. अशा वेळी 'एकत्र या, कंपनी काढा' हा सल्ला द्यायला तेव्हा कुणी आलं होतं का? आत्ता वीस वर्षांनी सगळे आलेत, मोबाइल घेऊन.

मी काही लाटेत वाहून 'जमीन विकूच नका' म्हणणारा नाही. विकायची वेळ येते. म्हाळुंगे-माणला नगररचना योजनेत मालकाला विकसित भूखंडाचा वाटा परत मिळतो. वाटा ठेवण्याचा कागद करता येतो, हे सरकारलाही माहीत आहे. रिंगरोडच्या मोजण्या आमच्याच तालुक्यातून गेल्या. तिथं शेतकऱ्यानं काय मागावं, एकरकमी की वाटा, की दरमहा काही, यावर लवळ्याच्या डोंगरावरच्या वर्गांत एक तास झाला तर मला आवडेल. डोंगर फार उंच नाही, गाडी दहा मिनिटांत वर जाते. खाली यायलाही तेवढाच वेळ लागतो.

शंभर वर्षांपूर्वी याच तालुक्यात जमीन जाण्याचा हा खेळ एकदा होऊन गेला आहे. १९२१च्या रामनवमीला मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला. टाटांच्या धरणाखाली मावळ्यांची भातखाचरं जाणार होती. सेनापती बापट तुरुंगात गेले, बायाबापड्या खाचरांत ठाण मांडून बसल्या. पण पुष्कळ जमीन कागदावर पुण्याच्या सावकारांची होती आणि त्यांनी मोबदला घेऊन टाकला. धंद्याच्या दृष्टीनं त्यांचं अगदी बरोबर होतं. पैसे बुडत नव्हते, त्यांचं कुठं काही अडत नव्हतं, आणि ते खाचरात राहत नव्हते. कसणाऱ्याचं गाव पाण्याखाली गेलं. सावकाराला कुणी उधळ्या म्हटलं नाही, शहाणाच म्हटलं असणार.

गेल्या उन्हाळ्यात पिरंगुटला एका बँकेत माझं काम होतं. पुढं साठीचे एक गृहस्थ, पांढरी टोपी, हातात प्लास्टिकच्या पिशवीत कागद. पोरानं सांगितलं होतं म्हणून उरलेले काही लाख म्युच्युअल फंडात घालायला आले होते. खिडकीतली मुलगी भली होती, त्यांचा फॉर्म तीच भरत होती. नाव झालं, जन्मतारीख झाली, आधार झालं.

"काका, व्यवसाय काय लिहू?"

"शेती."

"जमीन आहे ना नावावर? सातबारा?"

"होती."

तिनं जरा थांबून पेनाचं टोक खालच्या चौकोनावर नेलं. "मग 'इतर' करते हं."

काकांनी मान डोलावली. मग काचेवर थोडं वाकून विचारलं, "इतर म्हंजे, त्यात काय काय येतं ताई?"